एका पायाचा मोर

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, आणि मग सावकाश त्या भिंतीकडे बघा. दिसला नाण्यांचा मोर? आता तुम्ही विचारणार, नाना, ह्याला एकच पाय कसा? पिसाऱ्यात मधेच टक्कल का पडलंय? सगळे तेच विचारतात. सुट्टीच्या दिवशी धरण बघायला आलेली शहरातली मंडळी पाणी मागायला दारात येतात, तीसुद्धा तांब्या रिकामा झाला की तेच विचारतात. त्यांना मी सांगतो, वाळवी लागली. नाण्यांना वाळवी लागत नाही, हे त्यांच्या लक्षात घाट चढताना येत असेल.

तुम्ही घरचे, तुम्हाला खरं सांगतो. माझ्या हातून असा काही घोळ झालाय, की आमच्या पळसदरीत तो माझ्या नातवंडांनाही ऐकावा लागणार आहे. हसू आलं तर हसा. पण कप खाली ठेवून हसा, गेल्या खेपेला एकाला ठसका लागला होता.

शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी खोपोलीच्या कारखान्यात फिटर होतो. अख्खी नोकरी यंत्रं जुळवण्यात गेली. निवृत्त झालो तेव्हा ठरलं होतं, आता दोघांनी निवांत राहायचं, भाजीपाला लावायचा, तिला दाखवायची राहिलेली देवळं दाखवायची. ते निवांतपण फार टिकलं नाही. ती आजारी पडली आणि गेली. पोरगा नीलेश आणि सून प्राजक्ता पुण्याला. घरात उरलो मी आणि पंखा.

मी खाटेवर पडायचो आणि पंख्याकडे बघायचो. पंखा डगडगत होता. मी फिटर आहे हो, मला दिसत होतं की वरचा एक स्क्रू ढिला आहे. पण उठून तो आवळावा असं काही वाटायचं नाही. सकाळी चहाला आधण ठेवलं की दोन कप पाणी पडायचं. दुसरा कप ठेवलेला असायचा तसाच गार व्हायचा, मग तोही मीच प्यायचो.

प्राजक्ता रोज फोन करायची. पोरगी गुणाची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"भात."

"तसं नाही हो. दिवसभरात काय केलंत?"

ह्यावर मी पुण्यात पाऊस आहे का ते विचारायचो. शेवटी तिनं मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी एक बाई काळ्या मखमलीवर जुनी नाणी चिकटवून मोर करत होती. खाली लिहिलेलं, घरच्या घरी भिंतीची शोभा. मी पडल्या पडल्या बघितला आणि मला राग आला. त्या बाईनं पिसारा नुसता डोळ्याच्या अंदाजानं लावला होता. पिसाऱ्याचं केंद्र चुकलेलं, डावीकडची पिसं दाट, उजवीकडची विरळ, आणि वर ती हसून सांगते आहे, किती सोप्पं ना?

सोप्पं? अगं बाई, आधी केंद्र काढ, मग वर्तुळं काढ, मग नाणी लाव! मी उठून बसलो. मग उभा राहिलो. कपाटातून पट्टी आणि कंपास काढला. बऱ्याच महिन्यांनी मी आपणहून खाटेवरून उठलो तो त्या अनोळखी बाईवर चिडून.

मनात म्हटलं, वर्षश्राद्धाला सगळे येतील. तोवर आपण खरा मोर करून शालनच्या फोटोशेजारी लावायचा. तिला मोराचं फार होतं. मागच्या डोंगरातून ओरडला की हातातली भाकरी तव्यावर टाकून ती ओट्यावर यायची. मी म्हणायचो, अगं भाकरी करपेल. ती म्हणायची, करपू दे, तुम्हालाच खायची आहे.

आता नाणी कुठून आणायची? घर धुंडाळलं. देवघराखालच्या खणात शालनचा पितळी डबा होता. तिच्या माघारी मी तो उघडला नव्हता. उघडला, तर आत चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या. लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या, एक निळी. एक सोडली तर आत नाणं. दुसरी सोडली, नाणं. सगळी जुनी, बंद झालेली. कमळाचे पितळी वीस पैसे, नक्षीदार कडेचे दहा पैसे, भोकाचा पैसा, बंदा रुपया. माझ्या आईनं जपलेली जुनी नाणी तिनं शालनला दिली होती, ती हीच.

आता माझं डोकं कसं चालतं बघा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगं आणि मापं अशीच एकेक फडक्यात गुंडाळून ठेवतात. का? गंज लागू नये म्हणून. मला वाटलं, बाईमाणूस इतकी वर्षं फिटरबरोबर राहिली, शिकली शेवटी. मला तिचा अभिमान वाटला. खरं सांगतो, डोळे भरून आले. मी फोटोकडे बघून म्हटलंसुद्धा, शाब्बास.

आणि नाण्यांवर बघतो तर काय, लाल लाल काहीतरी धरलेलं. कुठं पिवळट. म्हटलं, बघ शालन, एवढं गुंडाळलंस तरी गंज चढलाच.

तुमच्यातल्या बायकांनी आत्ताच कपाळाला हात लावलेत, दिसतंय मला. थांबा जरा. अजून मला नाणी घासायची आहेत.

घमेल्यात चिंच कोळली, मीठ टाकलं, सगळी नाणी त्यात एकत्र ओतली आणि घासली. गंज म्हणजे आमचा जन्माचा वैरी, एक ठिपका ठेवला नाही. पितळ पिवळंधमक झालं, तांबं लालबुंद झालं. पुसायला तीच फडकी. त्यातलं निळं सगळ्यात कामाचं निघालं, माझ्याच कारखान्याच्या जुन्या सदऱ्याचं होतं, पाणी चांगलं टिपायचं. बाकीच्या चिंध्या काळ्या झाल्यावर चुलीत गेल्या.

सगळी नाणी उजळली, एक सोडून. एक ढब्बू पैसा होता. जाडजूड, मोठा, काळा ठिक्कर. चिंच लावली, लिंबू लावलं, राख लावली, शेवटी पॉलिश पेपर घेतला. ढिम्म. कधीतरी आगीतून गेलेला असावा. मी वैतागून म्हटलं, लेका, तुझी जागा पायात. मोराचे पाय काळेच असतात, नाचता नाचता पायांकडे नजर गेली की तो रडतो म्हणतात. ढब्बू पैसा उजव्या पायाला, दुसऱ्या पायाला नाइलाजानं दहा पैशांचं नाणं.

कर्जतहून प्लायवूड आणलं, मखमल ताणून बसवली. प्रत्येक नाण्याची जागा मोजून खूण केली. चिकटवायला साधा गोंद नाही, दोन नळ्यांतला एकत्र कालवून लावतात तो, धातू धरणारा. त्यावर वजन ठेवून वाळवला. मोर भिंतीवर चढला तेव्हा मी स्वतःशी म्हणालो, आता प्रलय आला तरी ह्याचं एक पीस हलायचं नाही. माणसानं आपल्या कामाबद्दल इतकं खात्रीनं बोलू नये.

समोरच्या हौसाबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"नाना, तुमी केला?"

"मी केला."

"काय देखना हाय. तो मधला रुपया तं निस्ता लखलखतोय." मग फोटोकडे बघून हळूच म्हणाल्या, "शालनवैनीनं बघायला पायजे व्हता."

मी मान हलवली आणि त्यांना साखरेच्या ऐवजी रवा दिला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी तेच निळं फडकं घेऊन पंखा पुसला आणि स्टुलावर चढलोच आहे तर तो स्क्रूही आवळला. नीलेश, प्राजक्ता आदल्या दिवशीच आले होते. प्राजक्तानं मोराचे इतके फोटो काढले, की शालनच्या फोटोला थोडं कानकोंडं झालं असेल. नंतर कळंबहून मंदा आली. मंदा म्हणजे शालनची धाकटी बहीण. शेवटच्या आजारपणात इथं राहून तिनंच सगळं केलं होतं. तोंडानं फटकळ, पण तिच्याइतकं शालनचं कुणी केलं नसेल.

पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिची नजर मोरावर गेली.

"दाजी, झ्याक केलाय मोर. नानी कुठली?"

"घरचीच. देवघराखालच्या डब्यातली."

तिनं मोरावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "पितळंच्या डब्यातली?"

"हो ना. शालननं काय जपली होती गं. एकेक गुंडाळून. तरी गंज धरलाच होता, लाल लाल. चिंचेत टाकली आणि..."

"दाजी, फडकी कुठं हायेत?"

मी खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं निळं फडकं दाखवलं. "हे एक राहिलंय. बाकीची जाळली. का?"

मंदा होती तिथं खाली बसली. मग म्हणाली, "तो गंज नव्हता, दाजी. कुकू व्हतं."

आमच्याकडे नवस बोलायची एक रीत आहे. अडचण आली की एक नाणं धुवायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, गावदेवीचं नाव घेऊन काय हवं ते मागायचं आणि नाणं फडक्यात बांधून देवाखाली ठेवायचं. मागितलेलं मिळालं की नारळ आणि ते नाणं देवीला नेऊन वाहायचं. तोवर सोडायचं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई बांधायची. पण ते बायकांचं खातं, आणि मी स्वतःच्याच घरात इतकी वर्षं जेवायला आणि झोपायला येत होतो.

पुढचं तर मला खरंच ठाऊक नव्हतं. आळीतल्या बायका म्हणायच्या, शालनच्या हाताला गुण आहे, तिनं बांधलेला नवस देवी ऐकते. म्हणून कुणी काही मागायचं असलं की आमच्या स्वयंपाकघरात यायच्या. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी आणायची. नाणं शालन द्यायची, बंद झालेलं. चालणारं नाणं घाईच्या वेळी भाजीला जातं, म्हणायची, बंद झालेलं कुठं जात नाही. कोणतं नाणं कुणाचं, ते चिंधीवरून कळायचं.

आणि चिंध्या मी चुलीत घातल्या होत्या.

हे सगळं मंदा हळू आवाजात सांगत होती. पण आत हौसाबाई वडे थापत होत्या, आणि हौसाबाईंचे कान म्हणजे काय सांगावं. पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"काय? आमच्या रंजीच्या लग्नाचा रुपया?"

रंजी म्हणजे त्यांची मुलगी. चांगली शिकलेली, दवाखान्यात नोकरीला, पण लग्न जुळत नव्हतं.

"ह्या मोरात?" हौसाबाई म्हणाल्या. "तरीच. तरीच परवाचं स्थळ फिरून गेलं. मीच बया लखलखतोय म्हनून गेली."

त्या तरातरा बाहेर पडल्या. पानं वाढायच्या आत अख्खी आळी आमच्या ओटीवर. एरवी श्राद्धाला बोलावलं तरी पाच-सहा माणसं येतात. बायका मोराला नाक लावून उभ्या. ही म्हणते तुऱ्यातलं माझं, ती म्हणते माझं.

"तुजं कशावरून गं?"

"मी बगितला तवा असाच चमकत व्हता."

"नानानं घासलाय त्यो. सगळेच चमकत्यात."

एकीनं चोचीला कुंकू लावलं. तिचं बघून दुसरीनं पिसाऱ्याला हळद लावली. कुणीतरी दोन फुलं ठेवली, उदबत्ती लावली. श्राद्धाला आलेले भटजी आत येऊन मोरापुढे थबकले, हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारतात, "हे कुळाचं दैवत का तुमचं?"

मी काय सांगणार? मी हो म्हटलं.

नीलेश माझ्यावर चिडला. चिडणारच, त्याच्या आईचं वर्षश्राद्ध आणि घरात जत्रा. "बाबा, चिकटवायच्या आधी विचारायचं तरी ना."

"कुणाला विचारू?" मी म्हटलं.

विचारण्यासारखं जे माणूस होतं ते फोटोत बसलं होतं. नीलेश आत गेला आणि उगाच पाणी पीत उभा राहिला.

शेवटी मंदा उठली. कमरेला पदर खोचून मोरापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "गप बसा गं समद्या. आक्कानं बांधलेलं हाय ना? मग फडकं जळलं काय न मोर झाला काय, देवीला ठावं हाय कुनाचं काय ते. ज्याचा नवस फिटंल त्यानं यावं, एक नानं काढावं न देवीला न्यावं. दाजी काढून देतील. त्यांनीच चिकटवलंय."

हे बायकांना पटलं. मला पटलं नाही, कारण तो गोंद मला माहीत होता.

संध्याकाळी नीलेश-प्राजक्ता पुण्याला परतले. मंदा त्या रात्री राहणार होती. तिनं चहा केला, आम्ही ओट्यावर बसलो. डोंगरात मोर ओरडला. मी सवयीनं आत वळून बघितलं, कोणी भाकरी टाकून बाहेर येतंय का. मंदानं बघितलं की मी वळलो, आणि माझा कप पुढे सरकवला.

दिवसभर जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "मंदा, शालननं स्वतःसाठी बांधलं होतं का गं एखादं?"

"नाय."

"आजारी होती तेव्हासुद्धा?"

"मी म्हनलं तिला. आक्का, एक तरी सोतासाठी बांध. तं म्हनली, माजं काय अडलंय?"

मला तिचा फार राग आला. तिचंच तर अडलं होतं. गावाच्या पोरींची लग्नं, पोरांच्या नोकऱ्या, सगळ्यांसाठी देवीशी भांडत बसली आणि स्वतःच्या वेळेला तोंड उघडलं नाही. एक नाणं बांधलं असतं तर काय बिघडलं असतं? जगली असती असं मी म्हणत नाही. पण मागितलं तरी असतं.

"शेवटचं बांधलं ते तुमच्यासाठी," मंदा म्हणाली.

मला कळेना.

"त्या निळ्या फडक्यात. तुमच्याच सदऱ्याचं नव्हं का? बिछान्यात पडल्या पडल्या बांधलं तिनं, मी धरलं व्हतं. तुमी पेज करपवत व्हता आत."

मला आठवलं. मी वाटी घेऊन बाहेर आलो होतो आणि दोघी काहीतरी पदराखाली लपवत होत्या. काय चाललंय, म्हटलं. शालन म्हणाली होती, काही नाही हो, पैसा सांडला होता.

"काय मागितलं?"

"म्हनली, मी गेल्यावर ह्ये मानूस खाटंवर पडून पंख्याकडं बघत ऱ्हाईल. गावदेवी, कशात तरी मन लागू दे ह्यांचं. आपनहून उठून एक तरी काम हाती घेऊ दे."

"मी पंख्याकडे बघणार हे तिला कसं कळलं?"

"ती व्हती तवाबी तुमी त्येच करत व्हता, दाजी."

हे मात्र खरं होतं.

मग ती म्हणाली, "मंग? उठला ना आपनहून? केला ना मोर? नवस फिटला. उद्या नानं न नारळ घ्या, देवीला जाऊ."

मी लगेच म्हटलं, "कोणतं नाणं? त्यातलं कोणतं माझं ते कुठं माहीत आहे?"

आणि हे म्हणताना मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाढवपणाचा आधार वाटला. कारण नवस फेडायचा म्हणजे देवीपुढे उभं राहून कबूल करायचं, की माझं मन लागलं. शालनवाचून लागलं. ते मला म्हणायचं नव्हतं. ते न फिटलेलं नाणं जोवर त्या मोरात कुठंतरी आहे, तोवर तिचं माझ्याकडे काहीतरी बाकी आहे, ती अजून माझ्या काळजीत आहे, असं मला वाटत होतं. मंदानं माझ्याकडे बघितलं, कप उचलले आणि आत गेली.

त्यानंतर माझे दिवस कसे गेले विचारू नका. पावसाळा सरला आणि रंजीचं लग्न ठरलं, खोपोलीतच मिळालं स्थळ. हौसाबाई नारळ घेऊन दारात. "नाना, आमचा रुपया."

मी लोखंड कापायची पात घेऊन बसलो. गरम पाणी लावलं, फडकं तापवून लावलं, मेणबत्ती लावली. गोंद हलेना. हौसाबाई शेजारी बसून म्हणतात, "एवढा घट्ट कशाला लावला?" दुपारी बसलो तो दिवेलागणीला रुपया सुटला, मखमलीचा तुकडा घेऊनच. तोंड वर करून बघतो तर मागे दोन बायका उभ्या. एकीच्या पोराला नोकरी लागली होती, दुसरीचा गुडघा बरा झाला होता.

आता लोकांना वाटतं माझा मोर कुरूप होतोय. पण आमच्या आळीत कुणाचं भलं झालं की त्याचं एक पीस जातं, आणि मी पात घेऊन बसतो. हौसाबाई आल्यागेल्याला सांगतात, नानाच्या हाताला गुन हाय. शालननं हे ऐकलं असतं तर भाकरी करपेपर्यंत हसली असती.

रंजीच्या लग्नाला मंदा आली. मी ओट्यावर होतो. रंजीला आहेर म्हणून लाकडी पाटीवर नाण्यांचं तुळशीवृंदावन करत होतो. ह्या वेळी चालणारी नाणी, बँकेतून आणलेली, आणि प्रत्येक नाणं लावायच्या आधी हौसाबाईंना दाखवून, हे कुणाचं नाही ना म्हणून विचारून. मंदा येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही, इतका मी त्यात होतो.

"दाजी, लागलं ना मन?"

मी पट्टी खाली ठेवली. "मंदा, सांगितलं ना तुला. कोणतं नाणं ते माहीत नाही."

ती घरात गेली, सरळ मोरापुढे खाली वाकली आणि उजव्या पायावर बोट ठेवलं. "ह्यो."

ढब्बू पैसा.

"कशावरून?"

"आक्कानं मुद्दाम निवडला व्हता. अख्ख्या डब्यात हात घालून ह्योच काढला. मी म्हनलं, आक्का, येवढा काळा कशाला? जरा बरा घे. तं म्हनली, ह्योच ह्यांचा. कितीबी घासा, उजळत नाय. मी घासून बगितलाय."

चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर. अख्खी दुपार मी त्याला घासत होतो, शिव्या देत होतो. आणि माझ्याआधी ती घासून मोकळी झाली होती.

मला हसू फुटलं. वर्ष-सव्वा वर्षात मी असा हसलो नव्हतो. खाटेवर बसून हसलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. मंदानं रडू दिलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी नंतर विचारलं.

"तवा सांगितलं असतं तं तुमी नेला नसता."

पैसा सोडवायला सगळ्यात जास्त त्रास त्यानंच दिला. पात तुटली. दुसरी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ आणि ढब्बू पैसा त्याच निळ्या फडक्यात बांधून आम्ही गावदेवीला गेलो. गुरवानं फडकं सोडलं, पैसा उलटसुलट करून बघितला.

"नाना, ह्यो तं चालनारा नाय."

मंदा म्हणाली, "आमच्या आक्कानं चालवून घेतला जलमभर. ठेवा देवीपुढं."

मी हात जोडले. लागलंय थोडं, म्हटलं. सगळं नाही. थोडं लागलंय. एवढंच बोलता आलं.

तर असा हा एक पाय गेला. प्राजक्ता म्हणते, बाबा, दुसरं एखादं नाणं लावून टाका, किती वेळ लागतो? वेळेचा प्रश्न नाही. कर्जतच्या बाजारात जुन्या भांडीवाल्यांकडे शोधून आलो, खोपोलीत शोधलं. ढब्बू पैसे मिळतात, काळेही मिळतात. घरी आणून चिंच लावली की लेकाचे सगळे उजळतात. तसा दुसरा मला अजून मिळालेला नाही. शालनला मात्र पहिल्या फटक्यात मिळाला होता, आणि तिनं तो परत करायचं कधी मनातसुद्धा आणलं नाही.